शेवाळखाऊ ब्लेनी : टाकीत शेवाळ असूनही ती उपाशी का मरते?

खारंपाणी

समुद्री टाकीत शेवाळ माजलं की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'लॉनमोवर ब्लेनी आणा'. लोक आणतात. काही आठवडे काच आणि दगड बरे दिसतात, मग मासा बारीक होत जातो आणि एक दिवस फटीतून बाहेरच येत नाही. 'शेवाळ तर भरपूर होतं, मग मेली कशी?' या प्रश्नाची उत्तरं बऱ्याच धाग्यांत विखुरलेली आहेत. ती एका जागी असावीत म्हणून हा धागा.

आधी मासा कोणता ते पाहू. सॅलॅरियास फॅसियाटस. तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून सामोआपर्यंतचे उथळ खडकाळ किनारे, प्रवाळाची पठारं, लगून हे याचं घर. खोली बहुधा आठ मीटरच्या आत. लांबी 14 सेंमीपर्यंत जाते. अंगावर खवले नाहीत, बुळबुळीत थर असतो. वाढ झालेल्या माशाला पोहायची पिशवी नसते, त्यामुळे पाण्यात तरंगत राहणं त्याला जमत नाही. दगडावरून दगडावर उड्या मारायच्या आणि बसायचं, असा कारभार. डोळ्यांवर आणि मानेवर फाटे फुटलेले छोटे तुरे असतात.

उपासमारीचं मूळ त्याच्या तोंडात आहे. दात खूप, अगदी बारीक, आणि जबड्याच्या हाडात पक्के रुतलेले नसून ओठाच्या कडेने हलणारे. या दातांनी काही तोडता येत नाही, फक्त खरवडता येतं. मासा तोंड पृष्ठभागावर टेकवतो, एक झटका देतो आणि बाजूला सरकतो. काचेवर तपकिरी थर जमला असेल तर जिथे तोंड लागलं तिथे ओठांच्या आकाराचे स्वच्छ ठसे उमटतात. ते ठसे जरा निरखून बघा. त्यांची रुंदी माशाच्या तोंडाएवढी असते आणि मधला भाग पुरता साफ झालेला असतो. एकेका झटक्यात एवढाच थर निघतो.

या थरात शेवाळाचे सूक्ष्म तंतू असतात, डायटम (सूक्ष्म एकपेशीय शेवाळ) असतात, जिवाणू असतात, आणि मुख्य म्हणजे त्यांत अडकलेला सेंद्रिय गाळ असतो. सॅलॅरियास जातीच्या माशांच्या पोटात या गाळाचा वाटा मोठा निघतो. म्हणजे आपण ज्याला शेवाळखाऊ म्हणतो तो बऱ्याच अंशी गाळखाऊ आहे. दोन-तीन सेंमी वाढलेलं केसाळ शेवाळ त्याला तोडता येत नाही. उलट त्या केसांमुळे खालच्या थरापर्यंत तोंडच पोचत नाही. टाकी हिरवीगार दिसते आणि मासा उपाशी असतो तो असा.

त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे. ही मासळी सफाईसाठी आणू नका. मासा म्हणून पाळायची असेल तर आणा, आणि पहिल्या दिवसापासून तिच्या खाण्याची वेगळी सोय करा.

टाकीचं माप: एका ब्लेनीला 150 लिटर म्हणजे तळाची मर्यादा. 200 च्या पुढे असेल तर बरं, पण लिटरपेक्षा दगडांचं क्षेत्रफळ पाहा. उघड्या वाळूची 300 लिटरची टाकी तिच्या दृष्टीने ओसाड. पाण्याची सापेक्ष घनता (खारटपणाचं माप) 1.025, तापमान 24 ते 27 अंश, पीएच 8.1 ते 8.4, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. टाकी चालू होऊन निदान सहा महिने झालेले असावेत. नव्या टाकीत पहिल्या महिन्यात डायटमचा जो तपकिरी थर येतो तो बघून ब्लेनी आणायचा मोह होतो, पण सिलिकेट संपलं की तो थर तीन-चार आठवड्यांत जातो आणि मागे पांढरे दगड उरतात.

---

गोगलगाय

धागा उत्तम. फक्त एक मुद्दा आणखी ठासून मांडायला हवा होता. ब्लेनी शेवाळाचं कारण काढत नाही. शेवाळ येतं नायट्रेट आणि फॉस्फेटमुळे. मासा थर खातो, त्यातला थोडा भाग अंगाला लागतो आणि उरलेला विष्ठेतून परत पाण्यात येतो. वर आपण तिला वेगळं खाऊ घालणार, म्हणजे पोषकद्रव्यांची आवक वाढली. फॉस्फेट 0.1 मिग्रॅ प्रति लिटरच्या वर असेल तर आधी ते खाली आणा. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), पाणी बदलणं, आधीच्या खाण्यातली उधळपट्टी थांबवणं, जे असेल ते.

केसाळ शेवाळ असेल तर क्रम असा: पंप बंद करा, हाताने उपटा, उपटताना नळी जवळ धरून सुटलेले तुकडे ओढून घ्या, उरलेली मुळं दात घासायच्या ब्रशने घासा. उंची अर्ध्या सेंमीच्या खाली आली की मग ब्लेनी किंवा गोगलगायी तो भाग राखू शकतात. काढायचं काम आपलं. आणि खरं सांगायचं तर राखायलाही ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी जास्त भरवशाच्या.

---

ओहोटी

गोगलगाय, तुमच्या आयडीला शोभेल असाच प्रतिसाद :)

पण टर्बो मोठी झाली की सुटे प्रवाळ पाडत फिरते. त्यापेक्षा ट्रोकस बरी, उलटी पडली तर स्वतः सुलटी होते.

ओळखीबद्दल थोडं, कारण विकताना नावांची सरमिसळ होते. सर्वांत जास्त गोंधळ गोबी आणि ब्लेनीत होतो. गोबीच्या पाठीवर सहसा दोन वेगळे पर असतात. ब्लेनीचा पाठीवरचा पर एकच, लांब, शेपटीजवळपर्यंत सलग. गोबीचे पोटाकडचे दोन पर बहुधा जुळून चकती झालेली असते. ब्लेनीचे ते पर सुटे, काडीसारखे, आणि छातीच्या परांच्याही पुढे गळ्यापाशी असतात. ती त्यांच्यावर टेकून बसते. शिवाय ब्लेनीचं कपाळ उभं आणि बोथट, तोंड खालच्या अंगाला.

दुसरा गोंधळ जास्त महाग पडतो. सुळ्यांच्या ब्लेनी वेगळ्या. प्लॅजिओट्रेमस दुसऱ्या माशांच्या अंगाचे लचके घेते. ॲस्पिडोंटस टीनिएटस तर सफाई करणाऱ्या रॅस (wrasse) माशाचं हुबेहूब रूप घेते. दोन्ही सडपातळ, आणि पाण्यात मधोमध पोहत राहतात. खडकावर टेकून न बसता सतत पोहणारी 'शेवाळखाऊ ब्लेनी' कोणी दाखवली तर घेऊ नका.

अटलांटिक आणि भूमध्य समुद्राकडची स्कार्टेला क्रिस्टाटा ही खडकाळ किनाऱ्यावरची आणखी एक शेवाळखाऊ. साधारण 12 सेंमीपर्यंत. डोक्याच्या मधोमध तुऱ्यांची एक ओळ असते, तिच्यावरून चटकन ओळखू येते. स्वभावाने सॅलॅरियासपेक्षा चौकस, आणि खाण्यात प्राण्यांचा वाटा थोडा जास्त, त्यामुळे तयार खाणं लवकर घेते. लहान टाकीला सॅलॅरियासपेक्षा हीच सोयीची.

---

शिंपला

प्रश्न: नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) तुकडा चिमट्याला लावून काचेवर टांगला तर सर्जनफिश तुटून पडतात, पण ब्लेनी फिरकतही नाही. तुकडा तसाच विरघळून जातो. नोरी आवडत नाही, की आणखी काही?

---

खारंपाणी

आवडीनिवडीचा प्रश्न नाही. तिला ते खाताच येत नाही. पाण्यात हलणाऱ्या पातळ पानावर तोंड टेकवलं की पान मागे सरकतं. खरवडायला मागे काहीतरी टणक लागतं. सर्जनफिश पान चावून फाडतो, ब्लेनीला ते शक्य नाही.

नोरी साधी घ्या, तेल, मीठ, मसाला काही नसलेली. पाच बाय पाच सेंमीचा तुकडा एका खडबडीत चपट्या दगडावर पसरा आणि दोन रबरी पट्ट्या आडव्या-उभ्या घट्ट बसवा, कुठेही पान फडफडता कामा नये. दगड ब्लेनीच्या नेहमीच्या बैठकीजवळ ठेवा. ती दिवसभर दोन-तीन ठरावीक जागांवरच बसते, तुम्हाला त्या माहीत असतीलच. पहिले दोन दिवस दुर्लक्ष करेल. पान मऊ पडून त्यावर जिवाणूंचा लेप चढायला लागला की तोंड लावते. पण तुकडा रोज बदला, 24 तासांनंतर उरलेलं काढून टाका, नाहीतर अमोनिया वाढतो.

टाकीत सर्जनफिश असेल तर त्याच्यासाठी दुसऱ्या टोकाला चिमट्यावर वेगळा तुकडा लावा, त्याच वेळी. नाहीतर दगडावरचाही तोच संपवतो.

---

मीठमोजणी

नोरीपेक्षा अगारचा (जेलीसारखं घट्ट करणाऱ्या पावडरीचा) लेप जास्त चालतो. प्रमाण देतो.

पाणी 200 मिली, अगार पावडर 4 ग्रॅम, कोरडी दळलेली नोरी 6 ग्रॅम, स्पिरुलिना पावडर 3 ग्रॅम, सोललेल्या कोळंबीचा किंवा शिंपल्याचा बारीक वाटलेला गर 10 ग्रॅम. अगार थंड पाण्यात घालून ढवळा, मग उकळी आणा आणि दोन मिनिटं उकळू द्या. अर्धवट उकळलेलं अगार नीट धरत नाही, टाकीत जाऊन चुरा होतं. आच बंद करून 50 अंशांपर्यंत निवू द्या. आता नोरी, स्पिरुलिना आणि गर घालून पटकन घोटा. याहून गरम असताना घातलं तर जीवनसत्त्वं जातात आणि कोळंबीच्या गुठळ्या होतात. 40 च्या खाली गेलं तर अगार भांड्यातच धरतं.

झिलई नसलेली सिरॅमिकची फरशी घ्या, 5 बाय 10 सेंमी. मिश्रण तिच्यावर 3 मिमी जाडीने पसरा. जास्त जाड लेप दिला तर ब्लेनी वरचा भाग खरवडते आणि खालचा सडतो. गुळगुळीत फरशीवर अख्खी वडी निसटते, म्हणून झिलई नको. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये ठेवू नका, अगार गोठून वितळलं की पाणी सोडतं आणि ठिसूळ होतं. अगारऐवजी जिलेटिन वापरायचं डोक्यात असेल तर तेही नको, टाकीच्या तापमानाला मऊ पडून पाणी गढूळ करतं.

फरशी सकाळी दिवे लागल्यावर ठेवायची, सहा ते आठ तासांनी काढायची. शेवाळ खाणाऱ्या माशांचं आतडं लांब असतं आणि अन्न त्यातून सतत सरकत असतं. दिवसातून एकदा भरपेट हा हिशोब यांना लागू होत नाही, दिवसभर थोडंथोडं मिळायला हवं. गोळ्या देत असाल तर बुडणाऱ्या, शाकाहारी माशांसाठीच्या, 1 मिमीच्या, दिवसातून दोन-तीनदा चिमूटभर. नळीने तिच्या पुढ्यात सोडा. वरून टाकलेलं तिच्यापर्यंत पोचतच नाही.

---

तळ्यात_मळ्यात

अगार-बिगार ठीक आहे, पण दगडावर खरा थर वाढवून देणं याला तोड नाही. जागा असेल तर जरूर करा.

25 लिटरचा टब, घनता 1.025, हवेचा दगड किंवा लहान पंप, वर साधा पांढरा एलईडी 6500 केल्विनचा, रोज 10 ते 12 तास. मुठीएवढे सच्छिद्र दगड सहा. टबात मासे अजिबात नाहीत. पोषणासाठी मुख्य टाकीतून बदललेलं पाणी घाला. साधारण आठवड्यात तपकिरी थर धरतो, दोन ते तीन आठवड्यांत हिरवा. टाकीत एका वेळी दोन दगड ठेवा, साफ झाले की ते टबात आणि पुढचे दोन टाकीत. एका जोडीला तीन-चार दिवस धरा. त्यामुळे प्रत्येक दगडाला टबात आठवडाभर विश्रांती मिळते.

बिघडतं कुठे? एक, बाष्पीभवन. 25 लिटरच्या टबात ते झपाट्याने होतं आणि घनता 1.030 च्या वर जाते. पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवा आणि रोज गोडं पाणी खुणेपर्यंत भरा. दोन, पाणी साचलेलं राहिलं की दगडांवर जांभळट-लाल चिकट पडदा येतो. ते सायनोबॅक्टेरिया. ब्लेनी त्याला तोंड लावत नाही. असे दगड घासून धुवा, पंप वाढवा, परत सुरू करा. तीन, दगड टबात विसरले की शेवाळाचे केस लांब होतात आणि पुन्हा तेच, तिला खाता येत नाही. अर्ध्या सेंमीच्या वर गेले की ब्रश फिरवा.

---

प्रवाळवेडा

मासा निवडण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. अर्धी हार-जीत तिथेच ठरते.

समोरून आणि वरून बघा, नुसतं बाजूने नाही. धष्टपुष्ट ब्लेनीचं पोट वरून पाहिलं की डोक्याच्या रुंदीपेक्षा किंचित बाहेर आलेलं दिसतं. पोट आत गेलेलं असेल तर काही दिवसांचा उपास आहे, भरून निघतो. पण डोळ्यांच्या मागे, मानेच्या वर खळगा पडला असेल आणि पाठीचा कणा धारेसारखा वर दिसत असेल तर मासा स्वतःचे स्नायू खाऊन जगतोय. असा मासा खायला लागला तरी बहुधा वाचत नाही. पांढरी, दोऱ्यासारखी, लोंबणारी विष्ठा असेल तर घेऊ नका. निरोगी ब्लेनीची विष्ठा आखूड, गाळाच्या रंगाची असते आणि भरपूर असते.

विक्रेत्याच्या टाकीच्या काचेवर ओठांचे ठसे शोधा. असतील तर मासा चरतो आहे. नसतील तर खाणं टाकायला सांगा आणि बघा.

रंगावर जाऊ नका. घाबरली, रात्र झाली किंवा नव्या जागी आली की ती फिक्कट-ठिपकेदार होते, तासाभरात गडद पट्टे परत येतात. पहिले दोन-तीन दिवस दिसली नाही म्हणून दगड उपसू नका.

---

शिंपला

आणि पिशवीतून टाकीत सोडताना? थेंब-थेंब पाणी घालत तास-दोन तास घालवावेत असं बरेच जण सांगतात.

---

मीठमोजणी

लांबून आलेल्या माशाला ते घातक आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पीएच उतरतो. पीएच कमी असल्याने साठलेला अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात, म्हणजे कमी विषारी असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात बदलतो. वर आपण दोन तास मासा त्यातच ठेवतो. खवले नसलेल्या माशाची दशा काय होत असेल विचार करा.

बरोबर पद्धत: पिशवी बंद असतानाच 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगवा, तापमान जुळेल. उघडल्याबरोबर पिशवीतल्या पाण्याची घनता मोजा. विलगीकरणाच्या (नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या) टाकीतलं पाणी आधीच त्या घनतेला आणून ठेवलेलं असावं, विक्रेत्याला आदल्या दिवशी विचारता येतं. मग मासा लगेच उचलून सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. टाकीची घनता पुढच्या तीन-चार दिवसांत हळूहळू 1.025 वर न्या. वर चढवताना घाई नको, खाली उतरवणं त्या मानाने सोपं जातं.

जाळी वापरू नका. तुरे आणि पर अडकतात. प्लास्टिकच्या पेल्यात घ्या.

---

ओहोटी

विलगीकरणाचा विषय निघालाच आहे तर परजीवींवर औषध म्हणून तांबं वापरावं का यावर बोलूया. ब्लेनीला तांबं चालत नाही असंच मी धरून चालतो. खवले नाहीत, कातडी उघडी, आणि भूक मेली की ती परत आणणं कठीण. पांढऱ्या ठिपक्यांसाठी, म्हणजे क्रिप्टोकॅरियन या परजीवीसाठी, टाकी बदलण्याची पद्धत असताना औषधाची गरज काय?

---

मीठमोजणी

'चालत नाही' हे जरा ताणलेलं विधान आहे. बऱ्याच ब्लेनी तांब्यातून नीट पार पडतात, पण मोजून आणि सावकाश. चिलेट केलेलं (दुसऱ्या रेणूत बांधलेलं) तांबं असेल तर 2.0 ते 2.5 मिग्रॅ प्रति लिटर, आणि तिथपर्यंत चार-पाच दिवसांत टप्प्याटप्प्याने जायचं. साधं आयनिक तांबं असेल तर 0.15 ते 0.20. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले तर एकतर मासा मरतो, नाहीतर परजीवी मजेत राहतात. तपासणीचा संचही त्याच प्रकाराला चालणारा हवा. पातळी पूर्ण 30 दिवस टिकवायची, मध्ये उतरली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

टाकी बदलण्याच्या पद्धतीत औषध नाही हे मान्य. पण ती अमायलोओडिनियम या दुसऱ्या परजीवीवर चालत नाही, आणि तो रोग दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो. अंगावर बारीक पीठ भुरभुरल्यासारखं दिसत असेल आणि श्वास जोरात चालू असेल तर टाक्या बदलत बसायला वेळ नसतो.

---

ओहोटी

अमायलोओडिनियमबाबत मान्य. सरसकट प्रतिबंध म्हणून मात्र मी अजूनही टाकी बदलण्याच्याच बाजूचा. नव्यांसाठी थोडक्यात: परजीवी माशावरून गळून पडला की तळाशी कवच करतो, आणि त्यातून पिल्लं बाहेर पडायला किमान तीन दिवस लागतात. म्हणून दर 72 तासांच्या आत मासा नव्या, निर्जंतुक, कोरड्या करून भरलेल्या टाकीत हलवायचा, असे चार बदल. जुनी टाकी रिकामी करून पूर्ण वाळवायची. 30-40 लिटरच्या दोन टाक्या आलटून पालटून पुरतात. सगळी उपकरणंही दोन जोड, ओली वस्तू एकीकडून दुसरीकडे जाता कामा नये.

ब्लेनीच्या बाबतीत इथे एक गंमत होते. लपायला पीव्हीसी पाइपाचा तुकडा दिला, 25 किंवा 32 मिमी व्यासाचा, की ती शेपटीकडून आत शिरून तिथेच मुक्काम ठोकते. हलवायच्या वेळी दोन्ही टोकांना तळवे लावून पाइपासकट उचलणं फार सोपं. पण पाइप पुढच्या टाकीत टाकू नका! त्यातलं पाणी आणि आतून चिकटलेली कवचं दोन्ही बरोबर जातात. पाइप पेल्यावर तिरपा करा, मासा पेल्यात घसरू द्या, तिथून नव्या टाकीत, नव्या पाइपाजवळ.

---

तळ्यात_मळ्यात

या दोन्ही पद्धतींत ब्लेनीचा खरा शत्रू उपासमार आहे, आणि त्याचा विचार आधी करावा लागतो. निर्जंतुक टाकीत थर नाही. गोळ्या न ओळखणारी नवी ब्लेनी आणि 12 दिवस कोऱ्या काचा, म्हणजे बाहेर काढाल तेव्हा खळगा पडलेलाच असणार.

मुख्य टाकीतले दगड विलगीकरणात देऊ नका, कवचं तिथूनच येऊ शकतात. मी वर सांगितलेला टब इथे कामी येतो, पण मग त्यात मुख्य टाकीचं पाणी घालायचं नाही. ताजं मिठाचं पाणी आणि चिमूटभर खाणं कुजवून पोषण द्यायचं. प्रत्येक टप्प्यावर नवे दोन दगड. वापरलेले दगड पुढच्या टाकीत जात नाहीत, ते वाळवून परत टबात.

तांब्याच्या टाकीत मात्र दगड अजिबात नकोत. चुनखडीचे सच्छिद्र दगड तांबं शोषतात, पातळी घसरते, आणि तेच दगड पुढे मुख्य टाकीत गेले तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात. शिवाय तांब्याने शेवाळही मरतं. तिथे मीठमोजणी यांची सिरॅमिकची फरशी. म्हणजे तांबं वापरायचं ठरवत असाल तर आधी ब्लेनी फरशीवरचं खाते आहे याची खात्री करा, नंतर पहिली मात्रा. उलट क्रम केला की काय होतं ते दर दोन महिन्यांनी कोणीतरी इथे विचारायला येतंच.

---

खारंपाणी

+1. हा क्रम खरं तर पहिल्या पोस्टमध्येच हवा.

जोडीला: मुख्य टाकीत रोग निघाला असेल तर सगळे मासे बाहेर काढून टाकी 76 दिवस माशांविना ठेवायची हा जुना, सुरक्षित हिशोब. त्या काळात माशांविना दगडांवर थर मस्त जमतो, ब्लेनी परत जाते तेव्हा मेजवानीच.

---

प्रवाळवेडा

सोबत्यांचं बघूया. एका टाकीत एकच ब्लेनी, मग जात कोणतीही असो. दुरंगी एक्सेनियस बायकलरही सॅलॅरियासला खपत नाही, फार मोठी आणि दगडांनी दोन भाग पडलेली टाकी असेल तर गोष्ट वेगळी. तळाला बसणाऱ्या, तशाच आकाराच्या गोबीवरही धावून जाते. क्लाउनफिश, क्रोमिस, कार्डिनल यांच्याशी काही वैर नाही.

प्रवाळाचं म्हणाल तर पोट भरलेली ब्लेनी प्रवाळावर नुसती बसते. बसल्याने पॉलिप मिटतात, तेवढं चालतं. भुकेली असेल तर ॲक्रोपोरा प्रवाळाच्या टोकांवर आणि शिंपल्याच्या मांसल कडेवर खरवडायला लागते. सकाळी प्रवाळाच्या बुडाशी ओठांच्या मापाचे पांढरे ओरखडे दिसले तर मासा हलवण्याआधी आठवडाभर खाणं दुप्पट करून बघा. बऱ्याचदा थांबतं. ट्रायडॅक्ना (मोठा शिंपला) मात्र एकदा चव लागली की सोडत नाही, तिथे दोघांतलं एक काढावं लागतं.

---

शिंपला

भरतीच्या खड्ड्यांत खडकांवर टुणटुण उड्या मारणाऱ्या ब्लेनी दिसतात, त्या टाकीत चालतील का? त्याही शेवाळच खातात ना?

---

ओहोटी

खातात, तोंडही तसंच. पण त्या इस्टिब्लेनियस किंवा अल्टिकस गटातल्या असतात आणि त्यांची राहणी वेगळी आहे. ग्वाममधला अल्टिकस आर्नोल्डोरम मोठेपणी जवळजवळ सगळा काळ पाण्याबाहेर, लाटांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात काढतो. कातडी आणि कल्ले ओले असेपर्यंत हवेतून श्वास घेतो, आणि शेपटी पुढे वळवून खडकावर रेटा देऊन उडी मारतो. अशा माशाला काठोकाठ भरलेली टाकी म्हणजे शिक्षा. काचेवर चढतो आणि पहिल्या फटीतून बाहेर पडतो.

ठेवायचाच असेल तर टाकी अर्धीच भरायची, उतरता खडक पाण्याबाहेर निदान 20 सेंमी यायला हवा, पंपाचं तोंड त्या खडकावर सोडून तो सतत ओला ठेवायचा, आणि वर घट्ट झाकण. थर त्या ओल्या खडकावरच वाढवावा लागतो. सॅलॅरियास सांभाळता येत नसेल त्याने या वाटेला जाऊ नये. आणि किनाऱ्यावरून मासा उचलण्याआधी तिथले नियम पाहा, संरक्षित किनाऱ्यावर हे बेकायदेशीर असू शकतं.

थंड समुद्रातल्या जाती, उदाहरणार्थ ईशान्य अटलांटिकची लिपोफ्रिस फोलिस, 26 अंशांच्या टाकीत ठेवू नका. ओहोटीत दगडाखाली पाण्याविना तग धरते म्हणून ती कशालाही दाद देत नाही असं नाही, सततची उष्णता तिला सोसत नाही.

---

गोगलगाय

अवांतर: सॅलॅरियास टाकीत अंडी घालतात का?

---

खारंपाणी

जोडी जमली तर घालतात. नर एखाद्या अरुंद बिळात जागा धरतो, मादी बिळाच्या आतल्या पृष्ठभागावर अंडी चिकटवते, आणि पुढची राखण नराची. तो पंख हलवून पाणी खेळतं ठेवतो. पिल्लं बाहेर पडली की उघड्या पाण्यात तरंगणारी, तोंड अतिशय बारीक, रोटिफर आणि कोपेपॉडची बाळं (सूक्ष्म तरंगते जीव) लागतात. मुख्य टाकीत ती स्किमर आणि पंपातच जातात. एकाच टाकीत दोन ब्लेनी ठेवून 'जोडी जमेल' अशी वाट बघणं मात्र नको, बऱ्याचदा दोघं भांडतात आणि एकाचे पर फाटतात.

---

शिंपला

शेवटचा प्रश्न. टाकीला काचेचं झाकण आहे, पण नळ्या आणि वायरींसाठी मागे फटी आहेत. त्या किती ठेवल्या तर चालतील?

---

मीठमोजणी

आठ-नऊ सेंमीची ब्लेनी 15 मिमीच्या फटीतून सहज निघते. डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच. 6 मिमीची जाळी कापून बसवा, वायरीभोवती स्पंज. रात्री दिवे एकदम बंद झाले की दचकून उडी मारते, म्हणून शक्य असेल तर दिवे अर्ध्या तासात हळूहळू उतरवा. ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या) दात्यांमधल्या फटींवरही जाळी हवी. तिथून ती सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) उतरते आणि फिल्टरच्या कापडी पिशवीत पडून राहते, म्हणून मासा दिसत नसेल तर दगड हलवण्याआधी आधी तिथे बघा. मुख्य पंपाच्या शोषणाच्या तोंडावर भरड स्पंज लावा आणि तो दर आठवड्याला धुवा. तो तुंबला की पंपाचा प्रवाह पडतो.